पासंग

५ जून

प्रिय गोगलगाय,

तुझं उत्तर यायला पंधरा दिवस लागणार हे धरूनच लिहायला बसले आहे. पण या वेळी जरा पाय उचल, कारण मला दहा जुलैच्या आत ठरवायचंय.

मोठ्या विद्यापीठाचं पत्र आलं. उपकरणशास्त्राच्या साठ जागांत माझा नंबर अठ्ठावन्नावा, म्हणजे दार लागता लागता आत शिरले. बाबांनी ते पत्र दुकानात वजनांच्या कपाटावर काचेखाली ठेवलंय. काटा दुरुस्तीला आणणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला आधी ते वाचावं लागतं, मग काट्याचं बोलणं. काल एका भाजीवाल्याला बाबांनी "सगळ्या सरकारी विद्यापीठांत तिसऱ्या नंबरचं" हे तीनदा सांगितलं आणि त्याच्या काट्याचं काय बिघडलंय ते विचारायचंच राहिलं.

गंमत अशी, की टेकडीवरच्या विद्यापीठाचंही पत्र आलंय. तेच ते, साप्ताहिकातल्या यादीत एक्केचाळिसावं. दोन्ही सरकारी, विषय एकच, फी उन्नीस-बीस. मी आणि आई दोन्ही बघून आलो. मोठ्या विद्यापीठातला व्याख्यानाचा हॉल सिनेमागृहाएवढा आहे, सगळ्या शाखांची मिळून दोनशे मुलं एकत्र बसतात. प्रयोगशाळेतल्या बाईंना विचारलं, यंत्राला हात कधी लावायला मिळतो? त्या म्हणाल्या, "बारा जणांचा गट असतो, महिन्यातून एकदा पाळी येते."

टेकडीवर जे सर भेटले त्यांच्या डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा आणि बोटांना तेल. नाव विचारायच्या आधीच त्यांनी बंद पडलेला एक काटा माझ्यापुढे ठेवला, हातात स्क्रूड्रायव्हर दिला आणि म्हणाले, "बघ काय झालंय." मी दीड तास बसले. दांडी ज्या पात्यावर तोललेली असते त्या पात्याची धार एका बाजूने झिजली होती. ते दाखवलं तर म्हणाले, "ये इथे." बास, एवढंच. आई तोवर फाटकाशी उभी राहून वैतागली होती.

तिथे मला आमच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं. पण नंबर एक्केचाळीस, आणि बाबांचं तोंड आत्ताच गोड झालंय. तुझंही मोठ्या विद्यापीठाचं पत्र यायचंय, तेव्हा तू माझ्यापेक्षा जास्त डोकं चालवलं असशील. सांग.

तुझी,
रत्ती


९ जून

प्रिय रत्ती,

चौथ्या दिवशी उत्तर लिहितेय. याची कुठेतरी नोंद करून ठेव.

यात विचारण्यासारखं काय आहे? ते एक्केचाळिसावं विद्यापीठ तिसऱ्याच्या पासंगाला तरी पुरेल का? काटेवाल्याची मुलगी तू, आणि हे मी तुला सांगायचं. तेल लागलेली बोटं बघून जर विद्यापीठ निवडायचं असेल, तर आमच्या कोपऱ्यावर सायकलवाला आहे, त्याच्याकडे नाव घाल. घरापासून जवळ आणि फी नाही.

तुझं हे "वाटलं" प्रकरण मला नेहमी महागात पडतं. तुला वाटलं म्हणून आपण सातवीत चित्रकलेच्या वर्गात बसलो होतो, आठवतंय? उद्या नोकरीच्या मुलाखतीला समोरचा माणूस विद्यापीठाचं नाव वाचणार. तुला तिथे कसं वाटत होतं, हे त्याला कशाला हवंय?

आमच्याकडे तर बाबांनी ती अख्खी यादी कापून कपड्यांच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलीय. शर्ट काढताना रोज वाचतात. पहिल्या दहाच्या खाली त्यांनी लाल रेघ मारलीय, आणि रेघेखालच्या विद्यापीठांना ते विद्यापीठच म्हणत नाहीत. माझं पत्र कुठे अडकलंय कोण जाणे. पोस्टमन दिसला की मी धावत फाटकाशी जाते.

एकदा का ते आलं, की आपण दोघी एका खोलीत. खिडकीकडची खाट माझी. तू घोरतेस, म्हणून दाराकडची तुझी.

तुझी,
गोगलगाय


१४ जून

प्रिय गोगलगाय,

घोरतेस तू. तुझ्या आईलाच विचार, मावशी साक्ष देईल.

मोठ्या विद्यापीठाला होकार पाठवला. बाबा स्वतः पोस्टात गेले आणि वजन करून तिकीट लावलं. पोस्टातल्या काट्यावर नाही हं, आपल्या काट्यावर करून गेले होते, आणि तिथे जाऊन "तुमचा काटा दोन ग्रॅम जास्त दाखवतो" असं सांगून आले.

टेकडीवर नकार कळवायचा कागद मात्र तीन दिवस झाले टेबलावर कोरा पडलाय. मुदत त्यांचीही दहा जुलैच आहे, तेव्हा घाई नाही. काल रात्रभर तो झिजलेल्या पात्याचा काटा डोक्यात होता. सरांनी तो दुरुस्त केला असेल का, की माझ्यासाठी ठेवला असेल? मूर्खपणा आहे, कळतंय मला. तू म्हणतेस ते बरोबर आहे.

तुझं पत्र आलं की लगेच लिही. मी खोलीसाठी पडद्याचं कापडसुद्धा बघून ठेवलंय.

तुझी,
रत्ती


२० जून

प्रिय रत्ती,

पत्र आलं. यादीत माझं नाव नाही.

हे वाचून तू रडशील, म्हणून आधीच सांगते, रडू नकोस. मी गावातल्या कॉलेजात जाईन. त्याला नंबरच नाही, त्यामुळे तो घसरायची भीती नाही.

पण या दोन दिवसांत मी घरात पडून तुझी पत्रं पुन्हा वाचली, आणि मला माझीच लाज वाटली. तू पाच तारखेला लिहिलं होतंस, "तिथे मला आमच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं." त्याची मी टिंगल केली. रत्ती, तू लहानपणापासून वस्तू उघडून बघणारी. आमच्या घरचं भिंतीवरचं घड्याळ तू नऊ वर्षांची असताना उघडलंस, आणि ते आजतागायत बरोबर चालतंय. दोनशे जणांच्या हॉलमध्ये शेवटच्या बाकावर बसून तू काय करणार? महिन्यातून एकदा पाळी, तीही बारा जणांत, म्हणजे तुझ्या वाट्याला पाच मिनिटं. तू कोमेजशील. आता तर मीही तिथे नसेन तुझ्याशी बोलायला.

नंबर ही बाहेरच्यांनी लावलेली चिठ्ठी असते. आत राहायचं तुला आहे. हे मला आधी कळायला हवं होतं.

होकार दिला म्हणून अडकलीस असं समजू नकोस. दहा जुलैपर्यंत माघार घेता येते, फीसुद्धा परत मिळते. नियमावलीच्या अकराव्या पानावर आहे, मी वाचलं.

तुझी,
गोगलगाय


२५ जून

प्रिय गोगलगाय,

रडलेच. तुझ्यासाठी आणि थोडी माझ्यासाठीही. स्वतःचं असं झालेलं असताना तू माझा विचार करत बसलीस. मी तुझ्या जागी असते तर आठवडाभर कुणाशी बोलले नसते.

तू जे लिहिलंस ते वाचून छातीवरचं ओझं उतरलं. माझ्या मनातलंच होतं, फक्त कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं. पण बाबांचं काय करू? त्यांनी तिसरी इयत्ता सोडून आजोबांच्या हाताखाली काटे पुसायला सुरुवात केली. त्या पत्राची काच ते रोज सकाळी पुसतात. त्यांच्यासमोर उभं राहून "मला तिसरं नको, एक्केचाळिसावं हवं" हे कसं म्हणायचं?

म्हणून तुला एकदाच विचारते, आणि माझी शपथ घालून विचारते. मला बरं वाटावं म्हणून नको, खरं सांग. तुला मनापासून वाटतं का, की मी मोठं विद्यापीठ सोडावं? तू हो म्हणालीस तर मी बाबांसमोर उभी राहीन.

तुझी,
रत्ती


२९ जून

रत्ती,

हो. मनापासून.

माघारीचा अर्ज पोस्टाने पाठवू नकोस, वेळेत पोचेल न पोचेल. स्वतः जाऊन दे आणि शिक्का मारून घे.

गोगलगाय


११ जुलै

प्रिय गोगलगाय,

झालं. आठ तारखेला स्वतः जाऊन अर्ज दिला, शिक्का घेतला, आणि तिथूनच बस पकडून टेकडीवर गेले. नाव घातलं.

बाबांना आदल्या संध्याकाळी सांगितलं. ते एका सोनाराचा काटा साफ करत होते. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला, विचारलं, "कुणी सांगितलं तुला असं?" मी तुझं नाव घेतलं नाही. म्हटलं, "माझं मलाच वाटलं." ते म्हणाले, "वाटलं." आणि पुन्हा ब्रश उचलला. त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलतात. काचेखाली आता वजनमापांच्या दराचा तक्ता आलाय. गिऱ्हाईकांनी विचारलं की बाबा म्हणतात, "तिचं तिने बघितलं."

आई म्हणते, होईल कमी. मला नाही वाटत. पण तुझे शब्द होते म्हणून निभावलं. तुझं वीस तारखेचं पत्र मी वहीत ठेवलंय, डळमळले की काढून वाचते.

तुझ्या कॉलेजचं काय झालं? काहीच लिहिलं नाहीस.

तुझी,
रत्ती


२८ जुलै

प्रिय रत्ती,

लिहायला उशीर झाला, गोगलगायच ती. आमच्याकडे अजबच झालं. मोठ्या विद्यापीठाची दुसरी यादी लागली आणि तीत माझं नाव निघालं. मी तर आशाच सोडली होती. बाबांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं. परवा निघतेय, सामान बांधायचंय, धावपळ आहे.

तू तिथे रुळलीस ना? काकांचा राग जाईल. जास्त विचार करू नकोस.

घाईत,
गोगलगाय


९ ऑगस्ट

प्रिय गोगलगाय,

तुझं पत्र वाचून वसतिगृहाच्या जिन्यातच उडी मारली. खालच्या मजल्यावरच्या मुलीला वाटलं, मी पडले. आपली एक खोली हुकली, पण तू त्या लाल रेघेच्या वर गेलीस. आता मावशीच्या घरात शर्ट काढणं सोपं होईल.

मी मजेत आहे. पहिल्याच आठवड्यात सरांनी तो झिजलेल्या पात्याचा काटा माझ्या टेबलावर आणून ठेवला. "तुझाच आहे," म्हणाले. आम्ही वर्गात चौदा जण, प्रत्येकाला स्वतःचं टेबल, स्वतःचा पाना आणि स्वतःच्या चुका. पातं घासायला तीन दिवस लागले, बोटाला दोन ठिकाणी कापलं. आता केस टाकला तरी काटा हलतो. तू म्हणाली होतीस तसंच झालं. तू मला माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस.

बाबांना तुझं कळलं. त्यांनी पत्रात एवढंच लिहिलं, "तिला कळलं, तुला नाही कळलं." असू दे. तुझं कौतुक ऐकायला मला वाईट नाही वाटत.

तुझी,
रत्ती


२ सप्टेंबर

गोगलगाय,

मोठ्या विद्यापीठाने माझे मूळ दाखले परत पाठवले. त्या लिफाफ्यात एका आदेशाची प्रत होती. माघार घेतलेल्या प्रत्येकाला पाठवतात, असं इथल्या कारकुनांनी सांगितलं. रिकाम्या झालेल्या जागा कुणाला दिल्या, ते त्यात आहे. मजकूर असा: "दिनांक १७ जून रोजी कळविलेल्या प्रतीक्षायादीनुसार." खाली क्रमांक एक, आणि त्यासमोर तुझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

मी आधी खूश झाले. पहिला नंबर, म्हटलं, काय बाई नशीब. मग सतरा जून वाचलं.

वहीतून तुझी सगळी पत्रं काढली आणि तारखेने लावली. नऊ जूनला एक्केचाळिसावं पासंगालाही पुरत नव्हतं. सतरा तारखेचं पत्र तुझ्या हातात पडलं, आणि वीस जूनला मी कोमेजणार होते. अकरावं पान तू माझ्यासाठी नाही वाचलंस. "यादीत माझं नाव नाही," असं लिहिलंस. ते खोटं नाही, नाव प्रतीक्षायादीत होतं. तू शब्द मोजून लिहिलेस, याचं मला सगळ्यात जास्त लागलं. सरळ खोटं बोलली असतीस तर घाबरलीस असं समजले असते.

बाबा काटा हातात घेतला की आधी रिकामी पारडी बघतात. काहीही न ठेवता एक पारडं खाली असेल, तर तो पासंग. तसल्या काट्यावर ते वजनच करत नाहीत, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो. मी तुला शपथ घालून विचारलं तेव्हा तुझं एक पारडं आधीच खाली होतं. आणि तू लिहिलंस, "हो. मनापासून."

आणखी एक. त्या आदेशात चार नावं आहेत. चार जागा रिकाम्या झाल्या. मी जागची हलले नसते तरी तीन उरत होत्या, आणि तू पहिली होतीस. तुला जागा मिळणारच होती. आपण दोघी आज एका खोलीत असतो.

रत्ती


१४ सप्टेंबर

रत्ती,

चार नावांचं मला माहीत नव्हतं.

हो, मी केलं. सतरा तारखेचं पत्र बाबांनी आधी फोडलं. त्या दिवसापासून ते मला नावाने हाक मारेनात. "जेवायला ये, वेटिंग." "वेटिंग, दिवा बंद कर." तुझं चौदा तारखेचं पत्र तेव्हाच आलं, त्यात तो कोरा कागद. मला वाटलं, हिला तरी जायचंच कुठे आहे? हिला ती टेकडीच हवीय.

लिहायला बसले तेव्हा लबाडी करतेय हे मला ठाऊक होतं. पण लिहिता लिहिता ते मलाच पटत गेलं. घड्याळाचं लिहिताना मी खरंच रडले. तुझा विश्वास बसणार नाही, बसू नये. शपथेचं पत्र मात्र दोन दिवस उशाखाली ठेवलं. उत्तराला दोन ओळींच्या वर लिहवेना.

इथे मी अजून एकाही यंत्राला हात लावलेला नाही. माझी पाळी पुढच्या महिन्यात. हॉलमध्ये मागून फळा दिसत नाही. बाबा आता मला नावाने हाक मारतात, तेवढ्यासाठी मी इथे आहे असं कधीकधी वाटतं.

पण तू तिथे सुखात आहेस ना? तूच लिहिलंस, "तू म्हणाली होतीस तसंच झालं." मग तुझं माझ्यामुळे वाईट काय झालं? हे वाक्य मी खोडलं होतं, पुन्हा लिहिलंय. आत मनात तेच आहे, तर लपवून काय करू? रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझीच,
गोगलगाय


६ ऑक्टोबर

गोगलगाय,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे होत आले. या वेळी उशीर माझा.

वाईट काय झालं, ते सांगते. मी इथे सुखात आहे, ते खरं आहे. सर शाबासकी देतात, मी हरखते, आणि लगेच तुझं अक्षर डोळ्यांसमोर येतं. ही जागा मी निवडली की मला इथे कुणी सरकवलं, हे मला आता कधीच कळणार नाही. बाबांना मी म्हटलं होतं, माझं मलाच वाटलं. त्यांच्यासमोर उभं राहून बोललेलं ते एक वाक्य माझं होतं. तेही तू घेतलंस.

आधी वाटायचं, तू सरळ विचारलं असतंस तर मी हसत जागा सोडली असती. बरेच दिवस या विचारावर मी स्वतःला मोठी समजत होते. पण ते खरं नाही. नसती सोडली. "माझी अठ्ठावन्नावी जागा आहे, तू थांब," असं म्हटलं असतं, आणि पुढची चार वर्षं चुकीच्या जागी काढली असती. म्हणजे माझं भलं व्हायला तुझी लबाडीच लागली. हे मला तुझ्यापेक्षा जास्त छळतं. तुला माफ करायचं म्हटलं तर त्याबद्दल आभारही मानावे लागतील, आणि ते माझ्याच्याने होत नाही.

गेल्या आठवड्यात घरी जाऊन आले. आईला, बाबांना काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर आई आणि मावशी या वयात एकमेकींशी बोलेनाशा होतील. बाबा अजून माझ्याशी तुटकच आहेत. तुझा विषय निघाला की मात्र खुलतात. "एकीने तरी घराण्याचं नाव काढलं," म्हणाले. मी मान हलवली.

निघायच्या दिवशी त्यांनी आतून एक लाकडी पेटी आणली. तीत तळहाताएवढा पितळी काटा आहे, आजोबांच्या हातचा. मी मोठ्या विद्यापीठात जाणार म्हणून त्यांनी तो जून महिन्यापासून घासूनपुसून ठेवला होता, आणि मला ते माहीतही नव्हतं. म्हणाले, "तिला पाठवू. तिथे शोभेल." पेटी मीच बांधली, वर पत्ता मीच घातला. बाबांना तुझा पत्ता पाठ नाही.

पार्सल मिळालं की बाबांना पोच लिही. दोन शब्द बरे लिही, त्यांना आवडेल. मला लिहू नकोस.

रत्ती